दर हजारी नऊशे शहाण्णव

प्रति,
मेहेरबान आबकारी अधिकारी साहेब,
जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड

विषय : निरनिराळ्या देशांतील भांग-गांजा सेवनाच्या तुलनात्मक तक्त्यात मौजे बेलखुटी, तालुका चिखली, हे पहिले आले असून ते खाली उतरवून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कचेरीमार्फत आलेला छापील तक्ता.

महोदय,

१. अर्जदार बेलखुटीच्या मराठी शाळेचा हेडमास्तर आहे. गेल्या वर्षी परदेशातील कोण्या समितीस जगभरचे गंजेकरी मोजण्याची इच्छा झाली व नमुन्याचे गाव म्हणून आमच्याकडे एकच प्रश्न आला : गेल्या बारा महिन्यांत भांग, गांजा वा चरस कोणत्याही रूपाने घेतला काय? घरोघर हिंडणे टाळावे म्हणून अर्जदाराने सगळे गाव एके ठिकाणी सापडेल असा दिवस निवडला. दिवस महाशिवरात्रीचा, ठिकाण महादेवाचे देऊळ. चूक अर्जदाराची आहे, हे येथेच कबूल करतो.

२. त्या दिवशी आमचा पुजारी प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर भांगेचे तीर्थ घालतो. तान्ह्या मुलांच्या ओठांनाही बोट लावतात. ओल्या हाताने कोणी नाही म्हणेना. लोकवस्ती पाचशे, होकार चारशे अठ्ठ्याण्णव; त्यांत अर्जदारही. उरलेल्या दोघांपैकी एक त्याच सकाळी जन्मलेली मुलगी, व दुसरे गांजाच्या दुकानाचे ठेकेदार भगवानराव. माल कसा असतो हे ठाऊक असल्याने ते तीर्थही घेत नाहीत.

३. तक्त्यात मिसर देश दर हजारी चौदा, तुर्कस्तान नऊ, इंग्लंड शून्य आणि बेलखुटी नऊशे शहाण्णव. अर्जदाराने या आकड्यांचा अभ्यास केला. मिसरात म्हणे शिपाई दारोदार विचारत गेला. शिपायाला चौदा जण हो म्हणाले हेच नवल. इंग्लंडात साहेबाने साहेबाला चहाच्या वेळी विचारले असावे. आमच्याकडे विचारणारा मास्तर आणि साक्षीला महादेव. सबब हा तक्ता व्यसनाचा नसून खरे बोलण्याचा आहे, असे अर्जदाराचे नम्र मत आहे.

४. तक्ता निघाल्यापासून सतरा गोसावी "हेच का ते गाव?" असे विचारीत आले, पैकी नऊ अद्याप शाळेच्या ओट्यावर आहेत. तेही सोसले असते. परंतु अर्जदाराची कन्या शकुंतला हिचे लग्न मेहकरच्या कोर्टातील नाझर वामनराव यांच्या चिरंजीवांशी ठरत आले होते. वामनरावांनी कचेरीत तक्ता पाहिला व निरोप धाडला : मुलगी पसंत आहे, गाव नाही. शकुंतला विचारते, "बाबा, तुम्ही मोजलंच नसतं तर काय बिघडलं असतं?" म्हणून हा अर्ज.

५. दुरुस्तीच्या अर्जावर सह्या घ्याव्यात म्हणून चावडीवर गेलो. तेथे उकंडराव पाटील म्हणाले, "मास्तर, सात पिढ्यांत हे गाव कशातच पयलं आलं नाही. आता आलं, तं तुम्ही काऊन खोडून राह्यले?" एकही सही मिळाली नाही. तरी एखाद्या साध्या बुधवारी फेरमोजणी करण्याचा हुकूम व्हावा.

आपला नम्र (व तक्त्याप्रमाणे व्यसनी),
नीळकंठ वैजनाथ डोणगावकर
दि. २० फेब्रुवारी १९३५

ता. क. (दि. ५ मार्च) : शिवरात्रीला स्वतः येऊन डोळ्यांनी पाहतो, असे वामनरावांनी कळविल्याने हा अर्ज टपालात टाकला नव्हता. ते वही घेऊन देवळाच्या दाराशी बसले. तीर्थाला नाही म्हणण्याची त्यांच्या घरी रीत नाही, म्हणून पहिली पळी घेतली. मोजणाऱ्याचा घसा कोरडा पडू नये यासाठी उकंडराव दर शंभर माणसांमागे त्यांना आणखी एक पळी देववीत होते. दिवस मावळेतो पाचशे वस्तीच्या गावात तेराशे माणसे भरली. वहीत एकटे उकंडराव अकरा ठिकाणी आहेत. वही मिटून वामनराव म्हणाले, "मास्तर, मुलगी पसंत होतीच. आता गावही पसंत." दुसऱ्या दिवशी दुपारी उठल्यावर त्यांनी तेच पुन्हा सांगितले, तेव्हा अर्जदाराने सुपारी फोडली.

सबब विषयात लिहिलेली मागणी अर्जदार मागे घेत आहे. वामनरावांची वही सोबत जोडली आहे. पानांवरील हिरवा डाग तीर्थाचा समजावा. तिच्याप्रमाणे गाव दर हजारी दोन हजार सहाशेवर जाते, पण त्याचा आग्रह नाही. इंग्लंडचे शून्य तेवढे एकदा पुन्हा मोजवावे, आणि मोजणाऱ्याच्या हाती वहीबरोबर पळीही द्यावी.