चुन्याचे दोन हात

प्रिय इनिस,

फोनच करणार होते. पण आपले बाबा शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात, आणि कान त्यांचे अजून मांजराचे आहेत. म्हणून ही चिठ्ठी तुझ्या तेलाच्या रिगवर येणाऱ्या माणसाकडे देतेय.

पर्यटकांच्या बोटफेऱ्यांचा सीझन सुरू झाला. काय भारी दिसतेय नदी यंदा! पाणी बिनदुधाच्या चहासारखं, दोन्ही काठांवर पिवळी झुडपं नुसती पेटलीयत, आणि मुखातून बाहेर पडलं की एकदम निळाशार समुद्र, पलीकडच्या डोंगरांवर अजून बर्फ. मी रोज वेड्यासारखे फोटो काढते. बाबा सुकाणूवरून लोकांना तेच जोक मारतात. "फोटो काढा, ते खडकावर लोळलेलं सील म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात मेहनती माणूस!" एकदा म्हणाले, "आता डावीकडे बघा, वाळक्या पाइनवर गरुडाचं घरटं." सगळे बघत राहिले. तो पाइन जानेवारीच्या वादळात पडला, इनिस. लोकांना वाटलं, हाही जोकच. मीही हसले.

शनिवारी परत येताना मुखाशी वाळूच्या दांड्यावर बोट घासली. नऊ माणसं होती आत, एक बाई किंचाळलीच. तुला माहितीय, आपल्या घराची पांढरी भिंत आणि मागचा चर्चचा मनोरा एका रेषेत धरायचा, जरा सरकलं की वाळू. बाबा माझ्यावरच खेकसले, "भिंत काळी पडलीय, दिसणार कशी? तुझी आई दर ईस्टरच्या आधी चुना लावायची. तू बस फोनमधला नकाशा कुरवाळत!"

खरं होतं ते. आई गेल्यापासून त्या भिंतीकडे कुणी बघितलंच नव्हतं. काल दुपारी बाबा पबमध्ये गेले तसा मी आईचा कुंचला काढला आणि चुन्याचे दोन हात दिले. नदीपलीकडून बघून आले. डोळे दिपत होते. म्हटलं, काही सांगायचं नाही, येतील आणि बघतील.

ते आले. बूट काढायला नेहमीसारखे त्याच भिंतीला टेकले. आत आले तेव्हा स्वेटरचा अख्खा खांदा पांढरा, तळहात पांढरा. तसेच बसले, चहाबरोबरच्या स्कोनला लोणी लावलं आणि म्हणाले, "मग? भिंत कधी करतेस?"

मी म्हटलं, उद्या करते, बाबा. मग ओलं फडकं घेऊन त्यांचा खांदा पुसायला लागले. "काय गं?" म्हणाले. म्हटलं, पीठ लागलंय. "मी कधी पीठ मळलं?" म्हणून हसले.

आईच्या अंत्यविधीला त्यांनी समोर उभ्या पाद्र्यांना तू समजून तुझ्या नावाने हाक मारली, हे तू सांगत होतास. मी ओरडले होते तुझ्यावर, तुला बोट विकायचीय म्हणून हे सगळं. तेव्हापासून आपण बोललो नाही. चुकलं माझं. येत्या शनिवारी अकरा जणांचं बुकिंग आहे. इंजिनची चावी मी आईच्या चहाच्या डब्यात लपवलीय. सकाळपासून बाबा ती शोधतायत, टेबलावर हात फिरवत. शुक्रवारच्या हेलिकॉप्टरने ये. दारातच विचारतील तुला, पोरीने भिंत केली का म्हणून. पांढरीशुभ्र आहे, असं तू सांग. मला नाही जमलं.

नखांत अजून चुना असलेली,
तुझीच बहीण
ग्रीर