दोन पार्क आणि अकरा नारळ

२१ जानेवारी, मंगळवार

ठरलं. जायचं. एकटीनंच!

कुठं, ते मात्र अजून नीट कळलेलं नाही. पार्क एक नाही, दोन आहेत. खोपोलीकडे, घाट उतरला की, एकाला लागून दुसरा. एकात पाळणे, एकात पाणी. मी आपली कोरडा आणि ओला म्हणते. मधे त्यांचंच हॉटेल.

सगळं त्या शिवानीमुळे. परवा राजगड उतरून आमच्याकडे जेवायला आली, पाठीवर ही एवढी सॅक. मी सवयीनं विचारलं, किती पानं घेऊ? तर म्हणे, "एकच, काकू. मी एकटीच आलेय." तरी मी दोनदा बाहेर डोकावून आले, मागून कोणी येतंय का बघायला. कोणी नाही! पिठलं-भाकरी खाता खाता तिनं मोबाईलवर त्या पार्कचे फोटो दाखवले. दोन दिवस राहून आली होती. कोणाबरोबर? तर तिथंही एकटीच.

बावीस वर्षं झाली, पालीत गडावर येणाऱ्यांना मी जेवू घालतेय. सगळ्या पुण्याची सुट्टी माझ्या ओसरीवर जेवून जाते. माझी सुट्टी कुठं आहे? हा प्रश्न आधी कधी पडला नव्हता. आता पडलाय तर जाता जाईना. दोन दिवस "काकू, अजून एक भाकरी" असं कोणी म्हणू नये, एवढंच मागणं आहे.

२४ जानेवारी

गोठ्यामागे रेंज येते. तिथून फोन केला. एका पोरीनं उचलला.

"मॅडम, किती जणांचा ग्रुप?"

"एक."

"एक फॅमिली?"

"एक बाई."

"हो मॅडम, पण बाकीचे?"

"बाकीचे घरी."

पोरीनं आणखी एकदा "एकच ना?" विचारून घेतलं. मग म्हणाली, जोडतिकीट घ्या. पहिल्या दिवशी एक पार्क, मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुसरा. कुठला आधी ते तुम्ही सांगा. आता हे मी कसं सांगू? आधी ओला घेतला तर ओली कापडं दुसऱ्या दिवशी दिवसभर कुठं वागवू? आधी कोरडा घेतला आणि पाळण्यात चक्कर येऊन पडले, तर ओला राहूनच जायचा!

२५ जानेवारी

आधी कोरडा.

२६ जानेवारी

नाही. आधी ओला.

२९ जानेवारी

कोरडा. आता बदलायचं नाही. पण मला जायचंय कशाला नक्की? पाळण्यात बसायला? सेहेचाळीस वर्षांची बाई मी! काही कळत नाही. नाही जायचं म्हटलं की मात्र रडू येतं.

२ फेब्रुवारी, रविवार

घोळ करून ठेवलाय.

सकाळपासून चाळीस पानं उठली. दुपारी जरा बसले तर त्या पोरीचा फोन, तारीख पक्की करायला. सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणतात, पण असलं बरोबर येतं.

"कुनाचा गं फोन?"

"कार्ल्याचा."

"कार्ल्याला काय हाय?"

"एकवीरा. नवस हाय माजा, आत्या."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देवालाच ठाऊक. एकट्या बाईनं उठून गंमत करायला जाणं आमच्याकडे कोणाला समजवायचं? देवाला जाते म्हटलं की कोणी अडवत नाही. पण संध्याकाळी आनंदरावांना, म्हणजे आमच्या ह्यांना, कळलंच. लगेच म्हणाले, "मग जाऊ की जीपनं. आईलाबी घिऊ." झालं! मी म्हटलं, न्हाई, एकटीनंच जाईन असा नवस बोललेय. कसला नवस? सांगायचा नसतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी

शिवानीनं तिकडून तिकीट काढून दिलं. ४ आणि ५ मार्च. त्याआधी पाय निघणं शक्य नाही, शिवजयंतीला गडावर मुंगीला वाट नसते आणि पाठोपाठ महाशिवरात्र. हे म्हणाले, "चार तारीख म्हंजी मंगळवार. देवीचा वार. चांगला धरलास." मला तर तो मंगळवार आहे हेही आत्ता कळलं.

१५ फेब्रुवारी

उत्रोलीला माहेरी जाते सांगून भोरला उतरले. ओल्या पार्कात साडी चालत नाही, पंजाबी ड्रेसही नाही. नायलॉनचाच पाहिजे. दुकानात आधी दोन टॉवेल घेतले. मग रुमाल घेतले. मग म्हटलं, पोहायचा ड्रेस आहे का, लांब बाह्यांचा? भाचीसाठी.

"किती वर्षांची भाची?"

"नववीत."

त्यानं नववीतल्या पोरीच्या मापाचा काढला! मग मी म्हटलं, अंगानं माझ्यासारखीच आहे. तो माणूस हसला नाही, याबद्दल त्याचं भलं होवो. जांभळा घेतला. तांदळाच्या कणगीत खाली पुरून ठेवलाय.

२० फेब्रुवारी

शिवजयंती पार पडली. हात खांद्यातून निखळलेत. आता तर जाणारच!

२७ फेब्रुवारी

माझ्यासारखी मूर्ख मीच.

आमच्याकडे कोणी देवाला निघालं की शेजारपाजार आपापला नारळ त्याच्या हाती देतो. ज्याला जाणं होत नाही, त्याचा नारळ जाणाऱ्यानं देवापुढं वाढवायचा. जन्मभर मी हेच बघत आले. माझे स्वतःचे नारळ किती जणांबरोबर जेजुरीला गेलेत, तुळजापूरला गेलेत. आणि खोटं बोलताना एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नाही? काल तीन आले, आज सहा. शिवाय सासूबाईंचा एक, तो तर त्यांनी हळदकुंकू लावूनच दिला. देवघरापुढं नारळांची रास लागलीय. मला तिकडं बघवत नाही.

शिवानीला फोन केला तर पोट धरून हसली. म्हणाली, काकू, खरं सांगून टाका ना. तिच्या गावात नारळ देत नसतील.

१ मार्च

आज भागूबाई आली. वरच्या धनगरवाड्यावरून, दीड तास उतरून. गुडघे धरून पायरीवर बसली, पाणी प्याली आणि ओच्यातून नारळ काढला. तिच्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला.

तिचा नवरा हैबती. दोन वर्षांमागं भावाशी म्हशींवरून भांडला आणि निघून गेला, तो गेलाच. फोन बंद. कोणी म्हणतं मुंबईकडे वॉचमन आहे, कोणी काही म्हणतं. भागूबाई कधी त्याविषयी बोलत नाही. आज बोलली.

"देवीला म्हनावं, न्हाई आला तर न्हाई. पर जित्ता हाय का न्हाई येवढं कळू दे. कुकू लावू का नगं, त्येच मला कळंना."

मी नारळ घेतला. ती परत चढून गेली.

बाकीच्या दहांचं एक वेळ चालेल. पण हा नारळ! तेव्हा ठरवलं: बुधवारी दुपारीच ओल्या पार्कातून निघायचं, कार्ल्याला उतरायचं, गड चढायचा, अकराच्या अकरा नारळ वाढवायचे. म्हणजे मग मी खोटं बोलले असंही होणार नाही. नाही का?

४ मार्च, मंगळवार. हॉटेलच्या खोलीत, दिवेलागणीला

पोचले! माझ्या एकटीची खोली. पलंगावर चार उशा. चार कशाला?

कोरड्या पार्कच्या गेटवर गार्डनं पिशवी उघडली. "ताई, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही." मी म्हटलं, हे खाणं नाही, देवाचं आहे. "नारळ म्हणजे खाणंच की." खरं तर बरोबरच होतं त्याचं. पिशवी सामानघरात ठेवून घेतली, हातावर टोकन दिलं. खोटं कशाला बोलू, पिशवी गेली आणि मला हलकं वाटलं.

पाळण्यात बसले. एका गाडीत बसले, ती उलटी झाली! मी "आई गं" म्हणून जी ओरडले ती खाली येईपर्यंत. शेजारी एक कॉलेजातला मुलगा होता, तो माझ्याहून जास्त ओरडला. उतरून परत त्याच रांगेत उभी राहिले.

जेवायला थाळ्या मांडलेल्या. त्यात पिठलंही होतं, बेसन कच्चं. कोणाला सांगणार? गप खाल्लं. ताट तिथंच ठेवून उठायचं, म्हणाले. मी दोनदा मागं वळून ताटाकडे बघितलं. हाताला काही कामच नाही, त्यामुळे हात कुठं ठेवावेत कळत नाही. घरची आठवण येतेय का, विचारलं स्वतःला. नाही येत. यावी ना?

६ मार्च, घरी

सगळं लिहून टाकते. दुसरं कोणाला सांगणार?

काल ओल्या पार्कात एक नदी होती. खोटीच, सिमेंटची, गोल गोल फिरणारी. हवा भरलेल्या चकतीत बसायचं आणि पाणी नेईल तसं जायचं. वल्हवायचं नाही, काही नाही. जांभळा ड्रेस घालून मी बसले. वर आभाळ. कोणी हाक मारत नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली. बारा वाजता निघायचं होतं. म्हटलं, अजून एकच फेरी. मग मोजायचं सोडून दिलं. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. लग्नातही नाही, पोरगी झाली तेव्हाही नाही. लिहितानाही भीती वाटते, पण हे खरं आहे.

उठले तेव्हा चार वाजून गेले होते. पळत कपडे बदलले. ओल्या पार्कचं गेट दुसऱ्या बाजूला, तिथूनच त्यांची गाडी हमरस्त्यावर सोडते. बसले. एसटी मिळाली. घाट चढून लोणावळ्याला उतरले आणि कार्ल्याच्या तिकिटाला पाकिटातून पैसे काढताना हाताला टोकन लागलं.

नारळ कोरड्याच्या गेटवर! निघताना घेऊ म्हणून राहू दिलेले, आणि निघाले दुसऱ्याच गेटनं.

परत गेले असते तर शेवटची गाडी चुकली असती. गेले नाही. लोणावळ्याच्या स्टँडवर पेढे घेतले. तोच प्रसाद. सासूबाईंनी कपाळाला लावून खाल्ला, आणि मी बघत उभी राहिले.

७ मार्च

पार्कात फोन केला. खाण्याच्या वस्तू दुसऱ्या दिवशी टाकून देतात म्हणे. अकराही गेले. लुगड्याच्या तुकड्यासकट.

१० मार्च

भाकऱ्या जळतात. काल मीठ दोनदा पडलं. हे विचारतात, "देवीनं काय सांगितलं का तुला?" बाहेर जाऊन रडून आले.

बाकीच्यांचे नारळ मी विकत आणून कुठंतरी वाढवीन. भागूबाईला फसवणं होणार नाही माझ्याच्यानं. ती वर बसून वाट बघत असेल. होळीच्या दिवशी वाड्यावर जायचं आणि तोंडावर सांगायचं: मी देवीला गेलेच नाही, मी मजा करायला गेले होते. मारलं तरी चालेल. बाईमाणूस शिव्या देईल, थुंकेल. देऊ दे. ह्यांनाही त्याच दिवशी सांगायचं.

१३ मार्च, होळी

पुरणाचा डबा घेऊन वाड्यावर गेले. अंगणात हैबती दाढी करत बसलेला.

सणाला म्हणून आलाय. भागूबाई धावत आली आणि माझ्या पायावर पडली. माझ्या! सगळा वाडा गोळा झाला. "तू एकटी गेलीस म्हनून पावली," म्हणाली, "आता दर साली तूच जायाचं, एकटीनंच." म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या वर्षीचे नारळ तिथंच बोलून झाले.

तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ, सांगायलाच उघडलं होतं. हो म्हणून आले.