ओळखीचा औषधवाला

हूरा, मनामा
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५, सकाळ

ती. सौ. मंगलावन्संना मेधाचा शि. सा. न.

वि. वि. व्हॉट्सअॅप सोडून ही ई-मेलची कुठली थेरं, असं तुम्ही म्हणणारच. पण माझं व्हॉट्सअॅप आमच्या शिवांगीच्या टॅबवरही उघडतं. फोन करावा तर आई तुमच्याकडे मुक्कामाला आहेत आणि त्यांना स्पीकरशिवाय ऐकू येत नाही. या घरात ई-मेल फक्त बँक पाठवते. शिवाय लेक इथं आखातात वाढलेली, सोळा वर्षांची झाली तरी देवनागरीच्या चार ओळी वाचायला तिला अर्धा तास लागतो. आज पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं.

आता मुद्दा. काल रात्री तुमच्या भावाच्या आणि माझ्या बाबतीत घोटाळा झाला. इतकी वर्षं जे साधन इमानानं साथ देत होतं ते फाटलं. नणंदेला यापेक्षा सविस्तर लिहिणं मला जमणार नाही, तुम्ही औषधाच्या दुकानात पंचवीस वर्षं उभ्या आहात, तेव्हा समजून घ्या. हे म्हणतात, या वयात काय होतंय. मी एक्केचाळीस. शिवांगीच्या वेळी बीपी चढून झटके आले होते ते तुम्ही पाहिलंयत. पुन्हा हा धोका नको असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मला भीती वाटते, वन्सं. विनोद करत लिहितेय, पण काल रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही.

एक गोळी असते म्हणतात. पण आमच्या बिल्डिंगखाली जी फार्मसी आहे तिथं मुनाफ बसतो. मुनाफ म्हणजे रत्नागिरीकडचा, आमच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवणारा, मला वहिनी म्हणणारा आणि सुरमई आणली की अर्धी वर पाठवणारा. त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं मागू? सकाळी मी ह्यांना पाठवलं. हे वीस मिनिटांनी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेऊन आले. मुनाफनं इतक्या आपुलकीनं काय होतंय विचारलं, की ह्यांच्या तोंडून गुडघाच निघाला.

गोळीचं नाव काय, कधीपर्यंत घ्यायची आणि माझ्या बीपीला चालेल का, एवढं लगेच कळवा. लोभ असू द्या, आणि वाचून झालं की हे पुसून टाका.

तुमची
मेधा

लांजा
शुक्रवार, दुपार

चि. सौ. मेधा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातल्या कॉम्प्युटरवर वाचलं. समोर कंपनीचा माणूस नवीन खोकल्याच्या औषधाचं गुणगान करत बसला होता, त्याला चहाला पिटाळलं.

पहिलं म्हणजे घाबरू नकोस. दुसरं म्हणजे घाई कर. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एकच गोळी. बहात्तर तासांच्या आत घ्यायची, पण जितकी लवकर तितका गुण जास्त. बहात्तर तास म्हणजे तेवढं हिंडत बसायचा परवाना नव्हे. ही गोळी गर्भ पाडत नाही, बीज सुटणं लांबवते. एका गोळीनं तुझं बीपी बिघडायचं नाही, तरी तिथं विचारतील तेव्हा ते लपवू नकोस.

आपल्याकडे हिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मी काउंटरवरूनच देते. मधूनमधून कुणाच्या तरी अंगात येतं की हिला चिठ्ठी सक्तीची करा, मग आमच्या केमिस्टांच्या बैठकीत दोन तास भांडण होतं आणि शेवटी वडापाव खाऊन सगळे घरी जातात. बैठकीत बाई मी एकटीच. तिकडचा नियम मला ठाऊक नाही, तो तुम्ही विचारा. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची ही काय तऱ्हा? औषधाच्या दुकानात जाऊन औषध मागायला लाजायचं म्हणजे कमाल झाली.

राजनला सांग, आमच्या आजीला धाकटा काका त्रेचाळिसाव्या वर्षी झाला. या वयात काय होतंय ते त्या काकालाच विचार म्हणावं. आणि गुडघ्याचा पट्टा आता रोज बांध म्हणावं, मुनाफ बघत असेल.

मिळाली की एक ओळ टाक. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी
मंगला

हूरा
शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळी दहा

ती. सौ. वन्संना मेधाचा नमस्कार.

नाही मिळाली.

काल संध्याकाळी ह्यांनी डोकं चालवलं. म्हणाले, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं जाऊ. म्हणून थेट हमद टाउन. तिथं सर्कलवर सर्कल आहेत, त्यातलं एक चुकलं आणि आम्ही अर्धा तास गोल गोल फिरलो. शेवटी एक फार्मसी सापडली. पोरगा अनोळखी, मी धीर करून नाव सांगितलं. तो म्हणाला, प्रिस्क्रिप्शन? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग मफी, म्हणजे नाही. हा कायदा आहे की मालकाचा हुकूम, असं ह्यांनी विचारलं, तर म्हणे माझ्यासाठी दोन्ही एकच. शुक्रवारी दवाखाना बंद, आता चिठ्ठी कुठून आणू, असं मी म्हटलं तेव्हा त्यानं खांदे उडवले आणि तो मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मागचं गिऱ्हाइक म्हणजे संतोष! तुमच्या लांज्याजवळचाच तो, मीना सलमान बंदरात गोदामाची गाडी चालवतो. त्यानं विचारलं, वहिनी, एवढ्या लांब कशाला आलात, कोण आजारी आहे? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, गॅस. मग संतोषनं आम्हांला चहा पाजला आणि गॅसवर व्याख्यान दिलं. आज सकाळी सातला कामावर जाता जाता तो दारात ओव्याची पुडी देऊन गेला. त्याच्या बायकोनं मुद्दाम भाजून दिलाय. माणसं इतकी चांगली की जीव नकोसा होतो.

मोठ्या हॉस्पिटलात गेलं तर विम्याचा कागद ह्यांच्या ऑफिसात जातो, आणि तो ज्या टेबलावर येतो ते ह्यांच्या शेजारचं. पस्तीस तास झाले आहेत. शिवांगी सारखी विचारते, मम्मी, आर यू ओके? मी नुसती मान हलवते. काय करू सांगा.

तुमची
मेधा

लांजा
शनिवार, दुपारी एक

मेधा,

आशीर्वाद नंतर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही तुमची दोघांची कथा. तुला झटके आले तेव्हा तुझ्या उशाशी मी बसले होते. डॉक्टर बाहेर येऊन राजनला विचारत होते, दोघींपैकी एकच वाचली तर कोण हवंय. तो भिंतीला टेकून खाली बसला. तो दिवस मला परत बघायचा नाही.

मुनाफला काय वाटेल ते वाटू दे. चपला घाल आणि खाली जा.

मंगला

हूरा
रविवार, १६ फेब्रुवारी

ती. सौ. वन्संना मेधाचा शि. सा. न.

वि. वि. गोळी काल साडेचारला पोटात गेली. एक्केचाळीस तास आणि थोडी मिनिटं. आज मळमळतंय, बाकी ठीक.

तुमचं पत्र वाचलं आणि तशीच उतरले. भिंतीला टेकून बसल्याचं ह्यांनी मला सोळा वर्षांत कधी सांगितलं नाही.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मुनाफनं मला पाहून हात वर केला, वहिनी म्हणून हाक मारली आणि गुडघा कसा आहे ते विचारलं. मी गिऱ्हाइकं जाईपर्यंत शांपूच्या बाटल्या वाचत उभी राहिले. मग काउंटरपाशी गेले आणि खाली बघत, तुम्ही लिहिलेलं नाव घडाघडा म्हणून टाकलं.

आणि वन्सं, मुनाफ बदलला. त्यानं मराठी सोडली. साफ इंग्रजीत, अगदी बँकेतल्या माणसासारखा, मला मॅडम म्हणून बोलायला लागला. मॅडम, किती तास झाले? मॅडम, बीपी आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का? हे का झालं, ह्यांचं काय म्हणणं, घरी माहीत आहे का, यातलं काहीही नाही. आमच्याकडे चिठ्ठीशिवाय देता येत नाही हेही त्यानं स्पष्ट सांगितलं, पण खांदे उडवले नाहीत. शनिवारी फोनवर तपासणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला आणि विम्यात नको असेल तर तसं त्यांना सांगा म्हणाला. मी घरी येऊन बोलले, तासाभरात चिठ्ठी त्याच्याकडे पोचली. पुन्हा गेले तर साधी पांढरी पिशवी तयार. तीन तासांत उलटी झाली तर परत या, मॅडम. पाळी आठवड्याहून लांबली तर तपासणी करा, मॅडम. एकदाही त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

पंधरा वर्षांची ओळख त्यानं दहा मिनिटं बाजूला काढून ठेवली. मी लिफ्टमध्ये येऊन रडले. आता पाळीची वाट. देवाजवळ माझ्यासाठी शब्द टाका.

तुमची
मेधा

लांजा
मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. सौ. मेधा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदानं, दुसऱ्यांदा मुनाफच्या कौतुकानं. तिसऱ्यांदा वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

तुला माझं दुकान माहीत आहे. गिऱ्हाईक आलं की मी आधी माणूस विचारते आणि मग औषध. कुणाची गं तू, आजीचा पाय कसा आहे, भावाचं लग्न जमलं का. गावात सगळे म्हणतात, मंगलाताईंच्या दुकानात घरच्यासारखं वाटतं. मला त्याचा केवढा अभिमान होता. मागच्या श्रावणात एक मुलगी आली. बँकेत नोकरीला लागलेली, चांगली पंचविशीतली. तिनं हळू आवाजात हीच गोळी मागितली. मी काढायला वळले आणि वळता वळता सवयीनं विचारलं, अगं तू पाटणकरांची ना? ती म्हणाली, नको, क्रोसिन द्या. तेवढं घेऊन गेली. मी तेव्हा मनात म्हटलं, काय या हल्लीच्या मुली. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मला बघून ती आता रस्ता ओलांडते.

तिकडे चिठ्ठी लागते आणि तुझा मुनाफ काही विचारत नाही. इथं कायदा मला काही विचारायला सांगत नाही आणि मी सगळं घराणं विचारते. तुला ताकाचं भांडं शिकवायला निघाले होते मी.

असो. खजूर खा, झोप काढ. आईला मी सांगितलंय की मेधाला कामाचा ताण आहे. तिनं लगेच तुझी दृष्ट काढली, इथून.

तुझीच
मंगला

हूरा
शुक्रवार, ७ मार्च

ती. सौ. वन्संना मेधाचा शि. सा. न.

आली.

सहा दिवस उशिरा, काल दुपारी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. मी इतकी हसले की साहेबांना वाटलं त्यांचे आकडे चुकले. लवकर घरी येऊन ह्यांना फोन केला. म्हणाले, आलोच, आणि भर दुपारी आइस्क्रीम घेऊन घरी. त्या सहा दिवसांत मी रोज रात्री शिवांगीच्या दहावीच्या वह्या बघत बसायचे, माझ्यामागे हिचं कोण बघेल म्हणून. आता लिहायला हरकत नाही.

सध्या रमजान आहे. काल संध्याकाळी मुनाफकडे इफ्तारला बोलावणं होतं. त्याच्या बायकोनं, सुहानं, सांदणं केली होती. मुनाफनं ताट वाढलं आणि म्हणाला, वहिनी, लाजायचं नाही, अजून दोन घ्या. मराठीत. पुन्हा वहिनी. जणू मधला तो शनिवार उगवलाच नव्हता. मी चार खाल्ली.

तुम्ही स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. मला खाली ढकललं ते तुम्हीच. प्रेम करत राहा, रागवतही राहा.

तुमची
मेधा

लांजा
शनिवार, १५ मार्च

चि. सौ. मेधा हिला पोटभर आशीर्वाद.

तुझा एका शब्दाचा निरोप वाचून मी दुकानात पेढे वाटले. कशाचे विचारलं तर भावजयीला बढती मिळाली म्हणून सांगितलं. तेव्हा बढती मिळवायचं आता बघ.

परवा दुपारी दुकानात कुणी नसताना एक मुलगी आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीला घरी आलेली. ओढणी डोक्यावरून घेतली होती, पण मी तिला ओळखलं. तिच्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्यात मी. तिनं गोळीचं नाव कागदावर लिहून आणलं होतं. मी कागद वाचला. किती तास झाले आणि दुसरं काही औषध चालू आहे का, एवढंच विचारलं. कशी घ्यायची ते सांगितलं, उलटीचं सांगितलं, पाळीचं सांगितलं. अहोजाहो करून. माझी जीभ इतकी शिवशिवत होती मेधा, की मी दातांखाली धरली होती.

ती पिशवी घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. रडवेली झाली होती. मला म्हणाली, काकू, आईला सांगणार नाही ना?

मी तिला म्हटलं, माफ करा, मी तुमच्या आईला ओळखत नाही.

तिची आई आणि मी पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. आज संध्याकाळी ती पापड लाटायला माझ्याकडे येणार आहे. राजनला आणि शिवांगीला आशीर्वाद, तुला त्याहून थोडे जास्त.

तुझी
मंगला