एकटीपुरतं होत नाही

शुक्रवार, ७ मार्च

घेतलं! काचेचं भांडं. गोल, खोल, जाड बुडाचं. जुन्या सामानाच्या दुकानात एका पंख्याच्या आणि तडा गेलेल्या आरशाच्या मधोमध बसलं होतं, जसं काही माझीच वाट बघत. मी गेले होते उशीचा अभ्रा आणायला. अभ्रा राहिला.

खोलीत आणून टेबलावर ठेवलं तर टेबलच लहान दिसायला लागलं.

आधीच्या गावात ज्या कॅफेत कामाला होते तिथं अगदी असंच होतं. तळाला ग्रीन टीत बुडवलेली बिस्किटं, वर क्रीम, परत बिस्किटं, परत क्रीम, आणि सगळ्यात वर फळांची जेली. ओव्हन नाही, भाजणं नाही. शेगडी लागते ती चहाच्या पाण्यापुरती, बाकी सगळं फ्रीजच करतो. कॅफेवाली बाई मोठा चमचा उभा आत घालायची आणि वर काढला की पट्टे-पट्टे! लोक बघतच राहायचे. मी तर रोज बघायचे.

बिस्किटं बुडवायला शिकले, क्रीम फेटायला शिकले, आणि जेली शिकायच्या आत निघाले. माझं हे असंच. सगळ्या कामांचा पहिला अर्धा भाग मला येतो. पीठ मळता येतं, ब्रेड भाजता येत नाही. सायकलची चेन काढता येते, बसवता येत नाही.

अभ्रा आता परवा.

शनिवार, ८ मार्च

जुन्या मैत्रिणीचा फोन. समुद्राकाठच्या हॉटेलात जागा आहे, राहायला खोली, दोन वेळचं जेवण. पुढच्या सोमवारी, सतराला हजर व्हायचं. "तू येच गं! विचार कसला करतेस!" मी कुठे विचार करतेय. "येते" म्हणून मोकळी झाले. मी नेहमी लगेच मोकळी होते.

फोन ठेवल्यावर खोली फार शांत वाटली. बॅग दाराच्या खिळ्याला लटकलेलीच आहे, आल्यापासून. त्यातले अर्धे कपडे मी बाहेरच काढलेले नाहीत. म्हणजे जायला काहीच त्रास नाही.

गेले तर इथं कुणाला कळेल? दुकानात मास्तरांना कळेल, उसवायचे कपडे पडून राहतील. खालच्या मावशींना भाड्याच्या दिवशी कळेल. आणि?

आणि कुणी नाही.

रविवार, ९ मार्च

आज दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी आवाज शिल्लक आहे का बघायला मोठ्यानं "हॅलो" म्हटलं. आहे.

मंगळवार, ११ मार्च

भांड्याचा हिशेब चुकला. अर्धं भरलं तर थर दिसत नाहीत, आणि पूर्ण भरलं तर एकटीनं खाऊन आजारी पडेन. वाटीत करून बघायचं डोक्यात आलं होतं, पण वाटीत कसले पट्टे! हे एकटीपुरतं होतच नाही.

मग ठरवलं. रविवारी चार वाजता बोलवायचं. या गावात मी ज्यांना ओळखते त्या सगळ्यांना. म्हणजे तिघांना.

आणि हेही ठरवलं, इथं लिहून ठेवते म्हणजे पलटता येणार नाही: तिघांतलं एक जरी आलं तरी मी राहीन. कुणीच नाही आलं तर सोमवारी सकाळची बस.

मास्तरांना आजच विचारलं. मास्तर म्हणजे माझे मालक, कपडे दुरुस्तीचं दुकान. मी उसवते, ते शिवतात (बघा, परत अर्धंच काम). तोंडात टाचण्या होत्या.

"मास्तर, रविवारी चारला माझ्याकडे या. गोड करतेय."

"म्ं."

"म्हणजे हो?"

टाचण्या काढल्या, उशीत खोचल्या. "बघू."

बघू म्हणजे नाही. लहान मुलालासुद्धा कळतं ते. मग माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "पट्टा परत सुटला वाटतं? आण इकडे." माझी चप्पल जाड सुईच्या मशीनवर घातली आणि खटाखटा शिवून दिली. दुसऱ्यांदा. "दुसरा जोड घे की एखादा."

"एका वेळी एकच घालता येतो ना."

हसले नाहीत. टाचण्या परत तोंडात.

बुधवार, १२ मार्च

शेजारच्या खोलीत एक नर्स राहते. रात्रपाळीची. मी तिला ओळखते ते दाराबाहेरच्या पांढऱ्या बुटांवरून आणि खोकल्यावरून. हसल्यावर तिला खोकला येतो. भिंतीपलीकडे फोनवर कुणाशी बोलत असते, हसते, मग खोकते. कधी कधी मी पण इकडे हसते. काय बोलली ते न कळता!

आज जिन्यात गाठलीच. डोळे अर्धे मिटलेले. "रविवारी? मी त्या वेळी झोपलेली असते गं. जाग आली तर येईन." आणि दार बंद.

जाग कशाला येतेय.

मग खाली मावशींकडे. माझ्याकडे फ्रीज नाही, त्यांचा लागणार, म्हणून आधी फ्रीजचं विचारलं.

"काय ठेवायचंय?"

"चहात बुडवलेली बिस्किटं. क्रीम घालून. गार करून."

"चहा-बिस्किटाला फ्रीज?" त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "आमच्या वेळी बशी पुरायची."

"ग्रीन टी आहे, मावशी. तुम्ही पण या ना रविवारी, चार वाजता."

"मला साखर वर्ज्य आहे, बाई. डॉक्टर जीव घेईल." तरी खालच्या कप्प्यातलं सगळं सरकवून जागा केली. मला त्या 'वरची' म्हणतात. नाव विचारलं होतं एकदा, मी सांगितलं होतं, पण दोघींनीही नंतर ते वापरलं नाही.

तिघांचं झालं. तीन नकार. कुणीच तोंडावर नाही म्हटलं नाही, एवढंच.

तरी करणार. भांडं आणलंय आता.

गुरुवार, १३ मार्च

जिलेटिन आणायला गेले आणि एका घरात पलंग दोरीनं वर चढवत होते. जिन्यातून जाईना म्हणून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून! मी थांबले. मग मलाही दोरी धरायला दिली. "ए पोरी, ओढ! जेवली नाहीस का?" पलंग खिडकीत अडकला, सगळे शिव्या द्यायला लागले, मग एकदम आत गेला आणि आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर! हात सोलवटले. इतकी माणसं इतक्या जवळ, किती दिवसांनी.

मग ते वर गेले चहा प्यायला. मी खाली. दुकान तोवर बंद.

ताईचा फोन आला. "आता कुठे आहेस? की निघालीस परत?"

"बघू," मी म्हणाले.

"तुझ्या पायाला भिंगरी आहे, दुसरं काय. आईनं तुझी गादी काढून ठेवलीय माळ्यावर. उगाच धूळ बसते म्हणाली."

बरोबरच आहे. धूळ बसतेच.

शुक्रवार, १४ मार्च

जिलेटिन आणलं. साधी पावडर, पाकिटातली.

चहा करून बघितला. उकळतं पाणी ओतलं तर औषधासारखा कडू! मग आठवलं, बाई गॅस बंद करून पाणी तसंच ठेवायची, मधल्या वेळात माझ्याशी गप्पा मारायची, आणि मग ओतायची. मला वाटायचं तिला गप्पांची हौस आहे. पाणी निवत असायचं होय!

दुसरा चांगला झाला. फिका, गवताच्या वासाचा. खिडकीत बसून प्यायले. समोरच्या घरात कुणीतरी एकाच वेळी सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. मग एकेक करून बंद केले. काहीतरी शोधत असणार.

फळवाल्याकडे कॅफेतल्यासारखे पीच नव्हते. किवी होती, ढीगभर. हिरव्या चहावर हिरवी किवी, वर काळ्या दाण्यांची नक्षी. छान दिसेल! पिवळ्या पीचपेक्षा छान. कॅफेवाल्या बाईला कसं सुचलं नाही?

शनिवार, १५ मार्च

मास्तरांनी दुपारीच सोडलं. मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही.

क्रीम काट्यानं फेटलं. स्टीलच्या पातेल्यात, खाली बर्फ. हात बदलून, बसून, उभं राहून, परत बसून. होतच नव्हतं, होतच नव्हतं, आणि एकदम झालं! काटा उभा राहिला. ओरडले मी. कुणाला सांगू? भिंतीला सांगितलं. भिंतीपलीकडे ती झोपलेली असणार, म्हणून हळू सांगितलं.

बिस्किट चहात बुडवलं की लगेच काढायचं. रेंगाळलं की विरघळलं. हे मला मस्त जमतं, कुठेच न रेंगाळणं.

एक थर. वर क्रीम. खाली मावशींच्या फ्रीजमध्ये. परत वर. परत बिस्किटं. "किती वेळा जिना चढतेस, पाय आहेत की चाकं?" मावशी म्हणाल्या. शेवटी किवी कापली, जिलेटिन कोमट चहात विरघळवलं, साखर, वर ओतलं. काचेतून थर दिसले. पांढरा, हिरवट, पांढरा, हिरवट. आणि वर हिरवीगार चकाकी!

मावशींनी फ्रीजचं दार उघडून वाकून बघितलं. "शेवाळ्यासारखं दिसतंय," म्हणाल्या. पण जरा जास्तच वेळ बघत होत्या.

रात्रीत बसेल जेली.

रविवार, १६ मार्च, दुपार

बसली नाही.

भांडं वर आणताना जिन्यातच कळलं. वरचं पाणी डचमळत होतं. चमचा घातला तर बुडाला. पाणी क्रीममध्ये शिरलंय, बिस्किटं सुटून वर तरंगतायत. चाखलं. कडू! जिभेला चावतं.

कॅफेवाल्या बाईला फोन लावला. मी न सांगता सोडून आले होते, तरी लावला.

"किवी? कच्ची?" ती एवढी हसली. "अगं, कच्ची किवी जिलेटिनला खाऊन टाकते. वर्षभर ठेवलीस तरी बसायची नाही. आणि दुधाला, क्रीमला कडू करते. म्हणून आपण डब्यातलं फळ घ्यायचो. तेच शिकवणार होते तुला, त्याच आठवड्यात तू पसार झालीस!"

रागावली पण नव्हती. ते जास्त लागलं.

साडेतीन झालेत. कुणी येणार नाही म्हणून बरं आहे. खरंच बरं आहे.

रविवार, संध्याकाळ

आले.

तिघंही आले.

आधी मावशींचा श्वास ऐकू आला जिन्यात, मग शेजारचं दार उघडलं. मी भांडं मांडीवर घेऊन दाराला टेकून खाली बसले होते. कडी आतून लावलेली.

"वरचे! उघड गं. सकाळपासून साखरेचा कण तोंडात घातला नाही मी, सगळी वसुली इथं करणार आहे!"

"मी गजर लावून उठलेय हां," नर्सचा आवाज. झोपेतला, घोगरा. "रविवारी! गजर लावून!"

दारावर टकटक. परत टकटक.

"बाहेर गेली असेल."

"नाही हो," हे मास्तर! रविवारचे मास्तर, चकचकीत बुटांचा आवाज करत आलेले. "चपला इथं आहेत की. दुसरा जोड नाही तिला. पट्टा मीच शिवलाय, ही बघा टीप."

  श्वास धरून बसले. उठायचं, कडी काढायची, "बिघडलं हो" म्हणायचं. दोन शब्द! एवढंच. पण मांडीत ते हिरवं पाणी, आणि बाहेर गजर लावून उठलेलं माणूस, आणि माझे पाय जागचे हलेनात. जे पाय एरवी कुठेच थांबत नाहीत ते.

बाहेर कुजबुज झाली. काहीतरी सरकल्याचा आवाज. मग पावलं खाली गेली, सावकाश.

एक जरी आलं तर राहीन असं मी लिहिलंय. तिघं आले आणि मी दार उघडलं नाही. आता कुठल्या तोंडानं राहू? उद्या मास्तरांसमोर उसवत बसू? जिन्यात नर्स भेटली तर?

सकाळची बस. मावशी उठायच्या आत. भांडं खिडकीत गारठ्यात ठेवलंय. ते इथंच सोडून जाईन.

सोमवार, १७ मार्च, सकाळ

बॅग खांद्याला लावली, दार हळूच उघडलं. चपला नाहीत!

कठड्यावरून वाकले. खालून मावशी, जशा काही रात्रभर तिथंच बसल्या होत्या: "माझ्याकडे आहेत! कालच नेल्या. भांडं घेऊन खाली ये. काल फ्रीजमध्येच बघितलं मी कसं डुचमळत होतं ते. बसलं नसेल तर पेल्यांतून पिऊ!"

आत कुणीतरी हसलं. आणि मग खोकलं.

बसला वेळ आहे अजून. अनवाणीही जाता येतं. मी गेलेय एकदा.

पण भांडं जड आहे, दोन्ही हात लागतात. बॅग वरच ठेवली.