चाराचा झाला आठ

प्रिय सरकार,

मागच्या फोनवर तू म्हणालीस, "तू परत येणार आहेस की नाही, ते कागदावर लिहून दे. तोंडी तू हातात सापडत नाहीस." म्हणून लिहायला बसलो. पण आधी इथलं एक सांगतो. टाळतोय म्हणशील. थोडं तसंही आहे.

माझं काम तुला अजून नीट सांगितलेलं नाही, कारण तू हसशील. मी माश्यांचा स्वयंपाकी आहे. पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात ना, तसल्या बारीक माश्या. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवायचं, काचेच्या बाटल्यांत गरम गरम ओतायचं, गार झालं की कापसाचं बूच लावायचं. प्रयोगशाळेत भिंतभर फळ्या आहेत आणि फळीफळीवर माश्यांची घराणी. एकूण दहा. वेगवेगळ्या डोंगरांवरून आणलेली, चाळीस वर्षं वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवलेली. दोन आठवड्यांत एक पिढी, म्हणजे हिशेब कर, हजार पिढ्या झाल्या एकमेकांचं तोंड न बघता. दिसायला सगळ्या सारख्याच. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना शोधायचंय ते हेच, की एका जातीच्या दोन जाती नेमक्या होतात कधी. आपल्याकडे जात जन्मावर ठरते, इथे नातवंडांवर. दोन घराण्यांचं लग्न लावायचं. लेकरं झाली एवढ्याने भागत नाही, त्या लेकरांना लेकरं झाली तरच जात एक.

तर झालं असं. मॅडमनी आठव्या घराण्यातलीच लग्नं आठव्यात लावली होती, नुसती घराणं चालू ठेवायला. लेकरं बाटलीभर झाली, चांगली धडधाकट. पुढच्या बाटलीत मात्र एक अळी नाही. नातवंडं शून्य. मॅडमनी तीन आठवडे डोकं फोडलं आणि शेवटी म्हणाल्या, खाण्यात काहीतरी चुकतंय. म्हणजे माझ्या हाताला नाव. मी तावातावाने भांडलो, सगळ्यांसमोर पातेल्यातला एक चमचा खाऊन दाखवला. बाटल्या धुणारे मामा म्हणाले, "अजून एक खा, आणि तुला नातवंडं होतात का बघू."

मग फळीवरच्या बाटल्या एकेक तपासल्या, तेव्हा माझंच अक्षर सापडलं. घाईत मी एका बाटलीवर चारचा आकडा आपला लिहिला होता, ४. इथल्या लोकांनी तो त्यांचा आठ वाचला. चौथ्या घरचे नवरे, आठव्या घरच्या नवऱ्या! चौथीपर्यंत शाळा शिकलो, आणि तोच चार मला नडला. मी जाऊन कबूल केलं. वाटलं, आता ही सहावी नोकरीही गेली. मॅडम ओरडल्या नाहीत. आठाचा आकडा वहीत काढून बघत बसल्या. चार आणि आठ आतून दुरावलेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेकरांतल्या मुली ठीक होत्या, मुलग्यांनाच पुढे लेकरं होत नव्हती.

मी विचारलं, मग खोट कुणात? त्या म्हणाल्या, कुणातच नाही. चौथ्या घरात एक जनुक बदललं, तिथे ते छान चालतं. आठव्यात दुसरंच बदललं, तेही तिथे छान चालतं. एका शरीरात दोन्ही आली की जमत नाही, कारण ती कधी एकत्र राहिलेलीच नाहीत. मी विचारलं, माणसाचंही असं होतं का? त्या हसल्या. म्हणाल्या, माणूस कितीही लांब गेला तरी जात एकच, काळजी करू नकोस. माझा प्रश्न जातीचा नव्हता. जाताना एवढंच विचारलं, की दुरावू नयेत म्हणून किती माश्या इकडून तिकडे सोडाव्या लागल्या असत्या? म्हणाल्या, फार नाही. पिढीला एखाददुसरी पुरते.

आता तुझं. रजा मिळत नाही असं मी तीन वर्षं सांगतोय, ते खोटं आहे. दर वर्षी मिळते. एक मी मित्राच्या खोलीवर लोळून काढली, बाकीच्या घेतल्याच नाहीत. मागच्या खेपेला घरी आलो, तेव्हा तू मला चहा पाहुण्यांच्या कपात दिलास, बशीसकट. तुझ्या मनात काही नव्हतं. मीही "थँक्यू" म्हणालो. मग दोघंही त्या बशीकडे बघत बसलो. त्यानंतर धीर झाला नाही. तर लिहून देतो: येतोय. पंधरा तारखेचं तिकीट काढलंय, एकवीस दिवस राहणार आहे. कायमचा येईन की तू इकडे येशील, ते समोरासमोर बसून ठरवू, भांडायचं तर भांडू. मला घ्यायला येऊ नकोस. दार आतून लावून ठेव. मी कडी वाजवीन, तू "कोण" म्हणून विचार. मी "मी" एवढंच म्हणेन. आवाजावरून ओळखतेस का बघू.

तुझाच,
पायाला भिंगरीवाला