भगवानच्या खांद्याचं माप

चि. जीवन,

आशीर्वाद आज लिहीत नाही. पत्र टाकणारही नाही, तुझ्या घरी वहिनी, तुझी आई, आधी उघडतील.

तुझ्या कंपनीचा तो सस्ता छोटा ट्रक बहादरपुरात आला. तुझा फोटो पेपरात छापला तेव्हा "माझ्या भाच्याने बनवला" म्हणत मीच गल्लीभर पेढे वाटले. आता तोंड लपवत फिरते.

अरे, खर्च वाचवायला तू ट्रकच्या बाजूच्या फळ्या, ते फाळके, पक्के करून टाकलेस, उघडतच नाहीत! बागेतल्या अरुंद रस्त्यात केळी बाजूनेच भरतात, हे मापं घ्यायला आलास तेव्हा चार दिवस माझ्या घरी जेवूनही तुला दिसलं नाही? फाळका माझ्या कपाळापर्यंत येतो. डोक्यावरचा घड वरून टाकावा लागतो, आणि आपटलेली केळी काळी पडतात. काल मुकादम म्हणाला, "मावशी, उद्यापासून बाया नको. उंच गडी आणतो." वीस वर्षांचं काम गेलं.

फाळक्याच्या उंचीचं माप घ्यायला तू उभं कोणाला केलंस? भगवान ड्रायव्हरला! सहा फुटी माणूस, जन्मात कधी घड उचलला नाही त्याने. "खांद्यापर्यंत बरोबर आहे ना, भगवानभाऊ?" तो हो म्हणाला, तू लिहून घेतलंस.

तेव्हा टेपचं खालचं टोक जमिनीला दाबून कोण बसलं होतं, आठव. मीच. डोक्यावर घड पेलायची चुंबळ तशीच होती. मलाही विचारशील म्हणून मी वाट बघत होते. तू वरचा आकडा वाचत होतास.

तुझी आत्या,
मथुरा