बिशपांची आस्थापना शाखा

२ जून २०२५, सोमवार. सकाळी १०.१५

हजर. शर्ट इन, पेन खिशाला. मागच्या खोलीत बसायचं म्हणून काय झालं, कामाची वेळ ती कामाची वेळ.

निवृत्तीला एक वर्ष दोन दिवस झाले. सरला विचारते, रोज इस्त्रीचा शर्ट कोणासाठी? बायकोला सगळं समजावत बसलं तर कामं कधी करायची. लोककोश नावाचा इंटरनेटवर मराठी ज्ञानकोश आहे. कोणीही लिहावं, पगार नाही. मागच्या वर्षी सहज उघडला तर ‘प्रलंबित कामे’ अशी यादी. तेहतीस वर्षं आस्थापना शाखेत काढलेल्या माणसाला प्रलंबित हा शब्द बघवत नाही. सगळ्यात मोठा गठ्ठा इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या धर्मगुरूंचा. चरित्रे ३१२, कोणी हात लावलेला नाही. चार्ज घेतला.

मी जन्मात चर्चमध्ये गेलेलो नाही. पण खातं कोणतंही असो, फाइल ती फाइल. २१२ झाली. ऑगस्टअखेर सगळी पूर्ण करणार. पूर्ण म्हणजे पूर्ण.

५ जून, गुरुवार

हॅरॉल्ड पेनबरी या बिशपसाहेबांचं चरित्र नीट लावलं. जन्म ९ मे १८७३. फक्त निवृत्ती दिनांकाचा रकाना रिकामा. असे रिकामे रकाने आतापर्यंत एकशेचाळीस लागले. इंग्रज नोंदीच्या बाबतीत एवढे ढिले असतील असं वाटलं नव्हतं. भरला: ३१ मे १९३१, मध्यान्होत्तर. वय अठ्ठावन्न, महिन्याचा शेवटचा दिवस. बाकीचेही असेच भरलेत. याला पुस्तक लागत नाही, अनुभव लागतो.

या लोकांतही वर्ग आहेत. साधा पाद्री तो रेव्हरंड. आर्चडीकन झाला की व्हेनरेबल, डीन झाला की व्हेरी रेव्हरंड, बिशप झाला की राइट रेव्हरंड. वाचून ऊर भरून आला. प्रत्येक लेखाच्या मथळ्यात मी पदवी लावतो. पदाशिवाय नाव म्हणजे माणूस बनियनवर बाहेर आल्यासारखं.

११ जून, बुधवार

भाजी बाजारात शिला राठोड भेटली. आमच्या शाखेत अकरा वर्षं माझ्या हाताखाली कनिष्ठ सहायक, औंढ्याकडच्या तांड्यावरची. सर, सध्या काय करून राहिले, म्हणाली. म्हटलं, शिले, इंग्लंडच्या बिशप लोकांवर मोठं काम चालू आहे, तुला नाही समजायचं. म्हणाली, मी बी लिहिते सर थोडं, इंटरनेटवर. म्हटलं, चांगलं आहे, लिहीत जा. कविता असतील.

दोडके महाग झालेत.

१९ जून, गुरुवार. सकाळी १०.४०

कोणीतरी माझ्या टेबलाला हात लावला.

‘राइट रेव्हरंड हॅरॉल्ड पेनबरी’ या मथळ्यातून राइट रेव्हरंड काढून टाकलं. करणाऱ्याचं सदस्यनाव ‘टिपणी’. कारण दिलंय: मथळ्यात उपाधी नको, नाव पुरे. आणि निवृत्तीच्या तारखेपुढे एकच शब्द टाकलाय: आधार?

एवढंच. ना विनंती, ना सविनय. हा पुण्याचा प्रोफेसर असणार. असा एकटा ‘आधार?’ मी कुठेतरी पाहिलाय असं वाटलं, आठवलं नाही.

राइट रेव्हरंड परत लावलं.

२० जून, शुक्रवार

त्याने परत काढलं. मी परत लावलं. असं सहा वेळा. मग चर्चापानावर चार पानी उत्तर टाकलं, मुद्दे अ ते ओ. जेवायला पावणेतीन वाजले. सरला म्हणाली, एवढ्या तावातावानं काहून टाइप करून राहिला, कीबोर्ड फुटंल. सांगितलं, एका बिशपची अब्रू आहे.

टिपणीचं उत्तर दोन ओळींचं. त्याच्याकडे मुद्दे नाहीत हे उघड आहे.

३० जून, सोमवार

लोककोशाच्या ज्येष्ठ संपादकांनी लक्ष घातलं. चर्चा ३१ जुलैपर्यंत चालणार, मग ते निर्णय देणार. मथळ्यात पदवी की नुसतं नाव. आणि या विषयाला एक समन्वयक नेमणार.

समन्वयक. शब्द तीन वेळा वाचला.

खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. मला ते पद पाहिजे. फार पाहिजे. वर्ष झालं, फोनवर मी देवगावकर बोलतोय म्हटलं की समोरचा विचारतो, कोण देवगावकर? आधी विचारत नव्हते. नावापुढे काहीतरी असलं पाहिजे, त्याशिवाय माणूस कसा उभा राहणार. या खोलीत मला दुसरं काही उरलेलं नाही.

असो. निकाल माझ्याच बाजूने आहे.

८ जुलै, मंगळवार

योग्य मार्गाने जायचं ठरवलं. निवेदन तयार केलं आणि कॉलनीतून तेवीस सह्या घेतल्या. शेजारचे भिवाजी, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, त्यांनी पहिली सही केली. करून झाल्यावर विचारलं, हे बिशप आपल्याकडं बदलून येनार हाय का? म्हटलं, नाही, ते १९४० साली वारले. भिवाजींनी कागद उलटा करून पाहिला. मग म्हणाले, व्हय व्हय, चांगला मानूस असंल. पुढच्या गल्लीतल्या आठ जणांना निवेदन नळाच्या पाण्याचं वाटलं. मी खुलासा केला नाही. सही ती सही.

स्कॅन करून चर्चापानावर चढवलं.

टिपणी म्हणतो, इथे डोकी मोजत नाहीत, आधार बघतात. सह्यांचा एवढा अपमान मी तेहतीस वर्षांत पाहिला नाही.

१७ जुलै, गुरुवार

टिपणीचा प्रश्न: पेनबरी १९३४ मध्ये बिशप झाले. तुम्ही त्यांना १९३१ मध्ये निवृत्त केलं. हे कसं?

थोडा घाम आला. पंखा फुल केला. मग सुचलं, उत्तर टाकलं: पुनर्नियुक्ती. होते अशी, अनुभवी माणसाची. माझी झाली नाही ती गोष्ट वेगळी.

त्याने लगेच विचारलं: आधार?

हा माणूस मला जगू देणार नाही. दुपारी झोप नाही आली.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. सरलाला नागनाथाला जायचं होतं, महिनाभर आधीपासून सांगत होती. म्हटलं, निकालाला तीन दिवस आहेत, टेबल सोडता येत नाही. ती भिवाजींच्या घरच्यांबरोबर बसने गेली.

ती गेल्यावर अर्ध्या तासात आघात. इंग्लंडहून बिशप टिमथी ग्रेशफोर्ड यांच्या कार्यालयाचं पत्र लोककोशाला आलंय. मराठी येणाऱ्या कोणा भाविकाने त्यांना माझा लेख वाचून दाखवला म्हणे. बिशपसाहेब मार्च १९६० चे. माझ्या लेखाप्रमाणे ते ३१ मार्च २०१८ रोजी निवृत्त झालेत. पत्रात लिहिलंय, बिशपसाहेब आज सकाळी कामावर आले होते, कृपया खुलासा व्हावा.

सगळ्यांसमोर विचारलंय. टिपणीने खाली लिहिलं: आताच्या नियमाने तिथं सत्तरीपर्यंत काम करतात. आधी असा नियमच नव्हता. अठ्ठावन्न आपल्याकडं.

चहा करायला गेलो, गॅस पेटवला, दूध घ्यायचं विसरलो. एकशेचाळीस माणसं मी घरी बसवली. त्यातली किती कामावर असतील देव जाणे.

२९ जुलै, मंगळवार

मार्ग सापडला. कार्यालयात चूक झाली की रडत बसत नाहीत, शुद्धिपत्रक काढतात. एका ओळीत काम: ‘जेथे जेथे अठ्ठावन्न, तेथे तेथे सत्तर असे वाचावे.’ सकाळी साडेसातला बसलो ते संध्याकाळी साडेसातला उठलो. एकशेचाळीस लेखांत प्रत्येकाची तारीख बारा वर्षं पुढे ढकलली. पाठीला रग लागली, पण एकही लेख प्रलंबित ठेवला नाही.

दुसरा कोणी असता तर महिना लावला असता. हे पाहिल्यावर समन्वयकपद पक्कं.

३० जुलै, बुधवार

त्यातले एकतीस जण सत्तरी गाठण्याआधीच वारलेले होते.

माझ्या लेखांप्रमाणे आर्चडीकन क्रूम १९०२ साली मृत्यू पावले आणि १९०९ साली वयोमानाने निवृत्त झाले. स्वतः पेनबरीही वारल्यावर तीन वर्षांनी मोकळे झाले. मधली वर्षं त्यांनी काय केलं, असं कोणीतरी विचारलंय. खाली हसण्याची चित्रं आहेत. सतरा मोजली, मग मोजायचं सोडलं.

टिपणी हसला नाही. त्याने फक्त लिहिलं, थांबा, आता कशालाच हात लावू नका.

मी लावला. घाईत आणखी दोन लेख बिघडले.

३१ जुलै, गुरुवार

निर्णय. मथळ्यात पदवी नाही, नुसतं नाव. समन्वयक: टिपणी. सदस्य मार्तंड देवगावकर यांना बिनआधार मजकूर भरल्याबद्दल अनिश्चित काळासाठी प्रतिबंध.

तेहतीस वर्षांत मला साधं ज्ञापन मिळालेलं नाही. आणि हे थेट निलंबन, तेही चौकशीशिवाय. निर्वाह भत्तासुद्धा नाही म्हणायची सोय नाही, कारण पगारच नव्हता.

सरलाला सांगितलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.१५

हजर. नेहमीप्रमाणे बसलो. बटण दाबलं तरी लिहिता येत नाही, वाचता येतं. माझे लेख दुसरे लोक दुरुस्त करून राहिलेत ते बघितलं. पेनबरीचा निवृत्तीचा रकाना काढूनच टाकलाय. तिथे आता काही नाही.

एकला जेवायला बाहेर आलो. सरला म्हणाली, अकरापासून लाइट नाही. तुमी आत काय करून राहिला होता?

म्हटलं, विचार. तिने ताटात एक भाकरी जास्त वाढली. वाटलं तिथेच रडू येतंय की काय. आलं नाही. बहुतेक.

११ ऑगस्ट, सोमवार. दुपारी

शिला राठोड घरी आली. नागनाथाचं दर्शन करून सरलासाठी प्रसाद घेऊन आली होती. मागच्या सोमवारी दुपारच्या जेवणानंतर सरला भिवाजींच्या घरच्यांबरोबर पुन्हा तिकडे गेली होती, तेव्हा दोघी रांगेत भेटलेल्या. म्हणजे मी इथे बंद कॉम्प्युटरसमोर बसलो त्याच सोमवारी. संध्याकाळी सरला प्रसाद घेऊन आली होती, मी कुठून आला ते विचारलंही नव्हतं.

मी विचारलं, काय गं शिले, कसं काय येणं केलं. ती उभीच होती. बस म्हणायचं सरलाच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

शिला म्हणाली, सर, राग धरू नका. टिपणी म्हंजे मीच.

मी पाणी मागितलं.

ती सांगत होती ते मी ऐकत होतो आणि नव्हतो. चार वर्षांपासून ती लोककोशावर लिहिते. आधी तांड्यांवर, बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीवर, मग व्याप वाढला. मी कोण ते माझ्या नावामुळे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाजारात सांगणार होती, मी दोडक्यांकडे वळलो. म्हणाली, अकरा वर्षं माझ्या परत्येक टिपणीवर तुमी लाल पेनानं ‘आधार?’ लिहून कागद परत करायचे. लई तकलीफ व्हायची. पण शिकले. आता आधाराबिगर मला लिहिताच येत न्हाई.

तो शब्द कुठे पाहिला होता ते आठवलं. माझ्याच अक्षरात.

मग म्हणाली, तुमी एकदा बी बेइमानी केली न्हाई, रिकामा रकाना तुम्हाला सोसत न्हाई एवढंच. प्रतिबंध उठवावा म्हणून तिने ज्येष्ठ संपादकांना लिहिलंय. मी म्हटलं, बघतो, विचार करून कळवतो. सरला माझ्याकडे अशी बघत होती की मी चष्मा पुसायला घेतला.

शिला दारातून बाहेर पडली तेव्हा मी उठून उभा राहिलो. का ते माहीत नाही. ती गेटपर्यंत पोचली होती, तिने पाहिलं नसणार.

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.१५

हजर.

प्रतिबंध उठला. थोडक्यात, माझी पुनर्नियुक्ती झाली. एक किरकोळ अट आहे: मी लिहिलेला प्रत्येक लेख आधी समन्वयकांकडे मान्यतेसाठी ठेवायचा. पद्धत बरोबर आहे, मीच शाखेत ती लावली होती. उरलेली शंभर चरित्रं या वर्षात पूर्ण करणार.

आज पहिलं सादर केलं. एडविन थॉर्पली, मोठ्या चर्चचे कॅनन म्हणजे पाद्री, दीड पान. निवृत्तीचा रकाना रिकामा ठेवला. दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो, पण ठेवला. वर लिहिलं: ‘मा. श्रीमती शिलाताई राठोड मॅडम, समन्वयक, यांचे सेवेशी सविनय सादर.’ अकरा वर्षांत तिला एवढं कधी लिहिलं नव्हतं. लिहिताना कान गरम झाले, पण लिहिलं.

१०.५० ला परत आलं. लेख ठीक आहे. वरची ओळ तिने खोडली होती. शेरा: इथे उपाध्या नसतात सर. नुसतं नाव लिहा.

‘सर’ तिनेच लिहिलं होतं. तेही पुढच्या मिनिटाला येऊन तिने काढलं.

नुसतं नाव लिहिलं. परत सादर केलं. सरलाला विचारलं, आज सोमवार आहे, नागनाथाला जायचं का. म्हणाली, साडेअकराची बस आहे, पण आधी तो शर्ट बदला, कॉलर उसवली आहे.